लष्करातला बाइंडर आणि तीनशे शहाण्णव कार्डांची पेटी

जुनी हॉकी कार्डं जमवणाऱ्यांसाठी ग्वाल्हेरात खास असं एकही दुकान नाही. तरी माझ्या संग्रहाचं सगळ्यात चांगलं काम झालं ते इथेच, शहराच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या एका गल्लीतल्या बाइंडरकडे. दुकानावर पाटी नाही. कोर्टाच्या फायली, कॉलेजांचे प्रबंध, दुकानदारांच्या चोपड्या, लग्नाच्या जुन्या अल्बमांची डागडुजी असा त्यांचा रोजचा धंदा. त्यांच्याकडून मी एक पेटी आणि एक फोलिओ, म्हणजे चित्रं ठेवायची बांधीव वही, करून घेतला. दोन्हींवरून एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा गेला आहे, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही.

कार्डांविषयी आधी सांगते, म्हणजे पेटीची गरज कळेल. मी शाळेत मुलींना हॉकी शिकवते, आपली, मैदानावरची. पण हॉकी कार्डं म्हणून जगात जी गोळा केली जातात ती बर्फावरच्या हॉकीची, मुख्यतः कॅनडातली. माझा मावसभाऊ हॅमिल्टनला असतो. त्याने पहिली मूठभर कार्डं पाठवली आणि मला त्यांचा नाद लागला. लंडन म्हणून ऑन्टारिओत एक गाव आहे, तिथल्या ओ-पी-ची या च्युइंगम कंपनीची ही कार्डं. पाकिटात गमची एक पट्टी आणि सोबत कार्डं. मागची माहिती इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत. पट्टी ज्या कार्डाला चिकटून राहिली त्याच्यावर आजही तिचा डाग दिसतो.

माझ्याकडे १९७८-७९ चा पूर्ण संच आहे. ३९६ कार्डं. त्यातलं ११५ क्रमांकाचं कार्ड माइक बॉसीचं, त्याचं पहिलंवहिलं. आदल्या हंगामात, म्हणजे कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, त्याने ५३ गोल केले होते. पुढच्या वर्षीच्या, १९७९-८० च्या संचातही कार्डं ३९६ च आहेत, पण त्यात १८ क्रमांकावर वेन ग्रेट्झ्की आहे, बर्फावरच्या हॉकीतला सगळ्यात नावाजलेला खेळाडू. त्या कार्डाची एक निष्कलंक प्रत २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरला गेली. त्यामुळे तो संच बाजारात बऱ्याचदा 'ग्रेट्झ्की सोडून' असाच विकायला येतो. मला ते पटत नाही. एकातला एक काढून घेतलेला संच घरात ठेवण्यापेक्षा आदल्या वर्षीचा, कमी मोलाचा पण सगळाच्या सगळा संच मला जास्त प्यारा आहे. ज्यांची नावं आज कॅनडातही फारशी कुणाला आठवत नसतील अशा खेळाडूंची कार्डं बॉसीच्या कार्डाइतकीच त्यात हवीत. कार्डं काचेसारख्या कडक प्लास्टिकमध्ये बंद करून त्यांना एक ते दहा गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. एखादं महाग कार्ड विकायचं असेल तर त्याचा उपयोग होतो. पण माझी कार्डं शाळेतल्या मुलींच्या हातात जातात, त्यांना ती उघडून, उलटून बघायची असतात. गेल्या वर्षी एकीने विचारलं, "ताई, यांच्या डोक्यावर हेल्मेट कसं नाही?" खरंच, कितीतरी खेळाडू बोडक्या डोक्याने खेळताना दिसतात. तिकडे नव्या खेळाडूंना हेल्मेटची सक्ती झाली ती १९७९-८० च्या हंगामापासून, आणि त्याआधी करार केलेल्यांना सूट होती. माझा संच बरोबर त्या नियमाच्या आदल्या वर्षाचा.

संच पुरा करण्याची ही ओढ जुनीच आहे, आणि कंपन्यांनाही ती ठाऊक होती. १९२३-२४ मध्ये ब्रँटफर्डच्या विल्यम पॅटरसन या गोळ्या-बिस्किटं करणाऱ्या कंपनीने ४० खेळाडूंची कार्डं काढली आणि संच पुरा करणाऱ्याला बक्षीस ठेवलं. त्यातलं २५ क्रमांकाचं बर्ट कॉर्बोचं कार्ड इतकं कमी छापलं, की ३९ वर येऊन पोरं अडकून राहायची. शंभर वर्षांनंतरही तो संच पुरा असणारी माणसं फार थोडी. त्या पोरांचा विचार आला की मला अजून राग येतो. (ग्रेट्झ्कीचा जन्म याच ब्रँटफर्डचा.)

आता ठेवण्याचा प्रश्न. अडीच बाय साडेतीन इंचाच्या कार्डांसाठी नऊ खणांची प्लास्टिकची पानं मिळतात. ३९६ म्हणजे बरोबर ४४ पानं, हिशेब छान बसतो. भावाने पाठवलेली पॉलिप्रॉपिलिनची पानं चांगली निघाली. इथे ऑनलाइन मागवलेला अल्बम मात्र पीव्हीसीचा होता. उघडला की रेनकोटसारखा वास, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेल्यावर पानं एकमेकांना चिकटायला लागली. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात ते उष्णतेने बाहेर येतं आणि शाई धरून बसतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा धोका घेऊच नये. शिवाय गोल कड्यांच्या फायलीत पहिली आणि शेवटची पानं वाकतात. म्हणून मी ठरवलं, प्रत्येक कार्ड पातळ पिशवीत घालायचं आणि उभी रांग मावेल अशी मापाची पेटी करून घ्यायची.

माझ्या एका सहकारी बाईंचा प्रबंध या बाइंडरकाकांनी बांधला होता, त्यांनीच पत्ता दिला. काका लष्करातले जुने मराठी. दुकान जेमतेम दहा फुटी, अर्ध्या जागेत लोखंडी शिकंजा आणि कटिंग मशीन. मी कार्डं टेबलावर ठेवली, तर त्यांनी आधी हात धुतले, पुसले आणि मगच उचलली. सांगावं लागलं नाही. तिथेच माझा निम्मा निर्णय झाला.

मग त्यांनी एक काम केलं, ते मी विसरणार नाही. एका रांगेतली कार्डं दोन तळहातांत धरली, टेबलावर ठोकून सारखी केली आणि कडेवरून अंगठा फिरवला. ओ-पी-चीची कार्डं तारेने कापत, त्यामुळे त्यांची कड जरा खरबरीत, केसाळ असते. मला हे वाचून माहीत होतं. काकांना कुणी सांगितलेलं नव्हतं. अंगठा एका जागी थांबला. "ताई, हे एवढं एक नंतर कापलंय. ही पात्याची कड आहे." बाहेर काढलं तर बॉसी. बाकीच्यांशेजारी उभं धरलं, तेव्हा केसभर बुटकंही दिसलं. झिजलेला कोपरा लपवण्यासाठी कुणीतरी बाजू कापून घेतली होती. ज्याच्याकडून घेतलं त्याने फोटो बघून निम्मे पैसे परत केले, तेही बरीच तक्रार केल्यावर. संच मी तसाच ठेवला आहे. बॉसी त्यात आहे, कापलेला आहे, आणि पिशवीवर मी तसं लिहून ठेवलं आहे.

छापखान्यांशी काकांचा आयुष्यभराचा संबंध, म्हणून मी त्यांना सांगितलं की ही कार्डं एका मोठ्या तावावर १३२ अशी छापत, तीन तावांत संच पुरा होई. त्यावर ते लगेच म्हणाले, "मग कप्पेही तीनच करू. एकेका कप्प्यात एकेक ताव." माझ्या डोक्यात चार कप्पे होते. तीनच जास्त शोभले. प्रत्येक कप्पा मापापेक्षा बोटभर मोठा ठेवून त्यांनी त्यात पुठ्ठ्याची सैल पट्टी घातली आहे. मुली कार्डं बघत असल्या की रांग ढिली होते, तेव्हा पट्टी पुढे सरकवायची, कार्डं कलत नाहीत.

पेटी जाड पुठ्ठ्याची, बाहेरून गडद हिरवं बकरम (बांधणीचं खळ दिलेलं कडक कापड), झाकण पुस्तकासारखं एका बाजूला उघडणारं. बिजागरीच्या जागी कापडाचे दोन थर. आतून अस्तराला चिंध्यांपासून केलेला हातकागद लावायला मी सांगितलं होतं, कारण लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडतो आणि शेजारच्यालाही पिवळा करतो. काका कसरीपासून बचाव म्हणून खळीत मोरचूद घालतात. जुन्या बाइंडरांची ती रीतच आहे आणि बाहेरच्या कापडाला चांगलीच. आतल्या अस्तराला मात्र मला ते नको होतं. थोडी चर्चा झाली, त्यांनी मान्य केलं आणि आतल्यासाठी वेगळी, साधी मैद्याची खळ शिजवली. झाकणाला लोहचुंबक बसवायला नकार दिला. "चुंबक निघतो तेव्हा कागद घेऊन निघतो," म्हणाले. त्याऐवजी सुती नाडी आहे. ती बांधायला मुलींना आवडते.

दुसरं काम मला जास्त जिव्हाळ्याचं. ग्वाल्हेरात राहून हॉकी जमवायची आणि रूपसिंग नाहीत, हे कसं चालेल? १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ ने हरवलं. त्यातले दहा गोल रूपसिंगांचे, आठ त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांचे. पुढे रूपसिंग शिंदे सरकारच्या फौजेत इथे आले, इथलेच झाले आणि १९७७ मध्ये इथेच गेले. आज त्यांच्या नावाचं स्टेडियम लोकांना सचिनच्या २०१० मधल्या द्विशतकामुळे माहीत आहे. ते आधी हॉकीचं मैदान होतं, हे मी दर वर्षी नव्या मुलींना सांगते. कॅनडाच्या कार्डांत रूपसिंग मिळणार नाहीत. त्यांच्या काळाची चित्रं मिळतात ती जर्मन सिगारेट कंपन्यांच्या संचांत. पाकिटात कुपनं यायची, ती जमवून पाठवली की चित्रांचा गट घरी यायचा, आणि वेगळा विकत घेतलेल्या अल्बममध्ये ती चिकटवायची. १९३६ च्या ऑलिंपिकच्या अशा अल्बमचे दोन खंड आहेत, पहिला हिवाळी खेळांचा, दुसरा बर्लिनचा. त्या बर्लिनमध्ये १५ ऑगस्टला झालेल्या अंतिम सामन्यात आपण जर्मनीला ८-१ ने हरवलं. भारताने त्या अख्ख्या स्पर्धेत खाल्लेला तो एकच गोल.

माझ्याकडे त्या मालिकेतली काही सुटी, कधीच न चिकटवलेली चित्रं आहेत, निरनिराळ्या मापांची. ती खरीच जुनी आहेत का, याची मला धास्ती होती. शेजारच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. काकांनी तो मागून आणला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं. त्यांच्याकडचा नवा कोरा कागद दिव्याखाली निळा झगझगला आणि चित्रं मंद, काळपट राहिली. कागदाला उजळपणा आणणारी रसायनं युद्धानंतरच्या काळात सर्रास आली. त्याआधीचा कागद असा चमकत नाही. एवढ्याने शंभर टक्के खात्री होत नाही, पण अलीकडची नक्कल असती तर तिथल्या तिथे उघडी पडली असती.

या चित्रांसाठी फोलिओ केला. हातकागदाची पानं, जुजबंदी शिलाई, म्हणजे पानांचे छोटे गठ्ठे दोऱ्याने शिवलेले, त्यामुळे उघडल्यावर पान सपाट पडतं. चित्रांना गोंद अजिबात नाही. प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांना कागदाच्या छोट्या घड्या, त्यांत चित्र सरकवायचं. न मिळालेल्या चित्रांसाठी पानं कोरी आणि घड्या तयार. हे मी सांगितलं नव्हतं. "आज ना उद्या मिळतील, तेव्हा पुन्हा उसवायला नको," असं त्यांचं म्हणणं.

आता उणं. वेळ काका पाळत नाहीत. 'आठ दिवसांत' म्हणाले की महिना धरायचा. प्रबंध जमा करायच्या दिवसांत तर आपलं काम फळीवरच पडून राहतं आणि फोन उचलला जात नाही. फोलिओच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं जरा तिरकी आली आहेत. दाखवल्यावर त्यांनी पुसून पुन्हा करायची तयारी दाखवली, पण कापडावर डाग राहील म्हणून मीच नको म्हटलं. पेटी नवी असताना तिला आंबूस वास होता. रिकामीच उघडी ठेवून पंधरा दिवस वाळवली, मगच कार्डं आत गेली. पावसाळ्यात झाकण किंचित फुगलं आणि ऑक्टोबरात पुन्हा बसलं. आतल्या कार्डांना काही झालं नाही, कसर लागली नाही, वास नाही, एकही कार्ड वाकलेलं नाही. सिलिका जेलच्या पुड्या मी कप्प्याकप्प्यांत टाकल्या होत्या, त्या टाकाव्यातच.

पेटीचे २,२०० रुपये पडले, फोलिओचे ९००. हातकागद माझा. बाहेरून मागवलेली तयार पेटी यापेक्षा स्वस्त मिळते, पण ती तीन कप्प्यांची नसते आणि बॉसीची कड तपासून देत नाही.

कुणाला काम द्यायचं असेल तर होळीनंतर लगेच द्या, म्हणजे पावसाआधी हातात येईल आणि वाळायला ऊन मिळेल. दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं. माप कागदावर लिहून नेऊ नका, पिशवीत घातलेली कार्डंच न्या. पिशवीमुळे जाडी वाढते, ती काकांना हाताने बघायची असते. आणि बिनगोंदाचं हवं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, खळ शिजवायच्या आधी.