पुलावरचे फूट आणि फ्रेनेलचा ठिपका

भाचीला एम.ए.च्या निबंधासाठी बाजू निवडायची आहे. विज्ञानाची भाकितं खरी ठरतात ती सिद्धांत खरे असतात म्हणून, की ते नुसते कामाला येतात म्हणून? वास्तववाद की अनुभववाद?

पावसाळ्यात सांगलीत एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका. आमच्या गल्लीतले एक आजोबा कोयनेच्या विसर्गाचा आकडा ऐकून उद्याचे फूट सांगतात, आणि बहुतेक वेळा जुळतात. का जुळतात ते त्यांना विचारू नका. अनुभववादी म्हणतो, विचारायचंच कशाला? तत्त्वज्ञ बास व्हॅन फ्रासन यांनी १९८० मध्ये हेच नीट मांडलं: जे दिसतं त्याबाबत सिद्धांत बरोबर ठरला की पुरे. यशाचं कारण? चुकणारे सिद्धांत टाकून दिले, उरले ते यशस्वीच.

हे मला अर्धंच उत्तर वाटतं. कुंडलच्या मैदानात मोठ्या जोडीला उतरणारा पैलवान जिंकत आलेलाच असतो; हरणाऱ्याला मोठी जोड देतंय कोण? पण हाच गडी का जिंकतो, हे सांगायला त्याचा दम आणि डावच दाखवावे लागतात.

वास्तववाद्याचा हुकमी पत्ता म्हणजे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेल. प्रकाश लहरींचा असतो, हा त्याचा १८१८ चा निबंध पॅरिसच्या स्पर्धेत गेला. परीक्षकांतल्या प्वासाँने त्याच्याच गणितातून काढून दाखवलं की मग गोल चकतीच्या सावलीत, ऐन मधोमध, उजेडाचा ठिपका पडायला हवा. म्हणजे सिद्धांतच हास्यास्पद! दुसरे परीक्षक आरागोने प्रयोग केला, तर ठिपका होता. आजोबांच्या आडाख्यातून असं न पाहिलेलं काही निघत नाही; त्यांना वारणेच्या पुलावर नेलं तर गप्प बसतील. सिद्धांतात खरं काहीच नसेल तर हे यश चमत्कारच मानावं लागेल, असं तत्त्वज्ञ हिलरी पटनम १९७५ मध्ये म्हणाले ते यासाठी.

पण गोची अशी की फ्रेनेलच्या लहरी ईथरमधून, म्हणजे सगळीकडे भरलेल्या एका अदृश्य माध्यमातून जात होत्या, आणि ईथर आता कुणी मानत नाही. लॅरी लॉडन यांनी १९८१ मध्ये अशा यशस्वी पण मोडीत निघालेल्या सिद्धांतांची यादीच दिली. जॉन वॉरल यांनी १९८९ मध्ये तोड काढली: ईथर गेला, समीकरणं मॅक्सवेलच्या नंतरच्या विद्युतचुंबकीय सिद्धांतात टिकली; तेवढ्या रचनेवर विश्वास ठेवा.

मी भाचीला वास्तववाद घ्यायला सांगितलं, तोही वॉरलच्या मापाचा. पूर्ण वास्तववाद घेतलास तर परीक्षक पहिल्याच प्रश्नात ईथर काढतील.

"आणि आजोबांचं काय, मामा?"

२०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आजोबांचा आडाखाही पाण्याखालीच होता.