जिनिव्हाला अर्ज धाडण्याआधी : रेड क्रॉसच्या युद्धकैदी-शोधसेवेबद्दल

आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते, कुठंतरी कैद झाले होते, एवढंच घरी ठाऊक असेल तर बहुतेक जण थेट जिनिव्हाचा पत्ता शोधतात. त्यात चूक काही नाही. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीनं सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धकैद्यांसाठी जे केंद्र उघडलं, त्याची कैद्यांच्या नोंदींची कार्डं तिथंच जपलेली आहेत आणि त्यांचा आकडा तीन कोटी साठ लाखांच्या घरात जातो. सेवा विश्वासाची आहे आणि कुटुंबाकडून पैसे मागत नाहीत. तरीही आमचं मत स्पष्ट आहे: पहिली पायरी म्हणून ही सेवा जवळपास निरुपयोगी आहे. शेवटून दुसरी पायरी म्हणून तिला तोड नाही.

याचं कारण अर्जाच्या पद्धतीत आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, पण खिडकी कायम उघडी नसते. ती ठरलेल्या काळात उघडते आणि घ्यायचे तेवढे अर्ज आले की बंद होते. पुढची खेप कधी, ते संकेतस्थळावर जाहीर होतं. उत्तराला काही महिने लागतात. म्हणजे अर्धवट माहितीचा अर्ज घुसडला आणि ‘या नावाची नोंद आढळली नाही’ असं उत्तर आलं, तर पुन्हा रांगेत उभं राहायचं. दुसऱ्या महायुद्धाची कार्डं घरबसल्या चाळता येत नाहीत; शोध तिथला कर्मचारी घेतो आणि तो तुम्ही दिलेल्या तपशिलावरच घेतो. नुसतं ‘शंकर जाधव, मराठा’ लिहिलं तर त्या बिचाऱ्यानं करायचं काय?

फॉर्मवर नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख किंवा साल, पलटण, फौजी नंबर, पकडल्याची जागा आणि तारीख लागते. यातला नंबर सगळ्यात मोलाचा, आणि तो बऱ्याचदा घरातच असतो. ट्रंकेतली पदकं काढा. ब्रिटिश शिपायांना त्या युद्धातली पदकं कोरी मिळाली. हिंदी शिपायांची मात्र नावानिशी कोरलेली असतात. गोल पदक असेल तर त्याची कड पाहा, तारा असेल तर मागची बाजू. उजेड तिरका पाडला की बारीक अक्षरं दिसतात: आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, मग रेजिमेंट. पितांबरी लावून घासू नका. अक्षरं झिजतात आणि पदकाची किंमतही जाते. चिंचेचंही तेच.

पदक कुठलं आहे यावरूनही दिशा कळते. आफ्रिका स्टार असेल तर कैद बहुधा लिबियाच्या वाळवंटातली, म्हणजे इटालियन किंवा जर्मन. पॅसिफिक स्टार असेल तर मलाया, सिंगापूर किंवा हाँगकाँग, म्हणजे जपानी. हा फरक पुढं सगळं ठरवतो.

नंबराबद्दल दोन गोष्टी. त्या काळी प्रत्येक रेजिमेंटची मालिका वेगळी होती, तेव्हा एकच आकडा दोन पलटणींत दोन माणसांचा असू शकतो. नंबरासोबत रेजिमेंट लिहिलीच पाहिजे. आणि शिपाई पुढं जमादार (तेव्हाचा हिंदी अधिकाऱ्याचा हुद्दा) झाला असेल तर त्याला ‘आयओ’ अक्षरांचा नवा क्रमांक मिळालेला असतो. अर्जात दोन्ही लिहा.

पलटणीचं नाव हा आपल्याकडचा खास गोंधळ. ‘आजोबा पाचवीत होते’ म्हणजे पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही अख्खी रेजिमेंट, की तिची पाचवी पलटण, की ‘काळी पाचवी’? काळी पाचवी ही मूळची १०५वी मराठा, जी १९२२ नंतर २/५ झाली: पाचव्या रेजिमेंटची दुसरी पलटण. हीच २/५ लिबियातल्या टोब्रुकमध्ये होती. २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं तेव्हा ती तिथल्या सैन्याबरोबर कैद झाली. घरात ‘काळी पाचवी’ आणि ‘टोब्रुक’ असे दोन शब्द ऐकलेले असतील, तर पकडल्याची जागा आणि तारीख जवळजवळ हाती आलीच.

नावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं आहे आणि इटालियन कारकुनानं ते आणखी एकदा ऐकलं आहे. शिंदेचं सिंदे होतं, जाधवचं जादो, यशवंतचं एशवंत. आडनाव गाळून नुसतं ‘रामा’ किंवा ‘पांडू’ असतं, तर कधी वडिलांचं नावच आडनावाच्या जागी बसतं. अर्जात शक्य तेवढी तीन-चार रूपं द्या. जिल्हाही तेव्हाचा द्या. आजच्या सांगली जिल्ह्यातली बरीच गावं १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होती, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, रायगडाचं नाव कुलाबा होतं, आणि कोल्हापूर, सावंतवाडी, भोर ही संस्थानं होती. जुन्या कागदावर ‘सातारा’ दिसलं म्हणून तो माणूस आपला नव्हे, असं समजू नका.

नंबर घरात नसेल तर मग रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय. मराठ्यांचं बेळगावला आहे. हिंदी शिपायांची कागदपत्रं लंडनला नाहीत. १९४७ ला ती भारत आणि पाकिस्तानातल्या आपापल्या रेजिमेंटकडे राहिली. लंडनला चौकशी करण्यात लोकांचे महिने जातात ते उगाच. बेळगावला मागताना ‘सगळी माहिती द्या’ असं मोघम लिहू नका, कागदाचं नाव घ्या: शीट रोल, आणि तो नसेल तर लाँग रोलमधली नोंद. शीट रोलमध्ये भरती, बदल्या, बढत्या आणि वारसांची नोंद असते. पण पेन्शन न घेता घरी आलेल्यांचे शीट रोल २५ वर्षांनंतर नियमानुसार नष्ट केले जातात, आणि युद्ध संपल्यावर घरी पाठवलेले हजारो जण यातच मोडतात. लाँग रोल ही मोठी नोंदवही, ती उरते. तिच्यात नाव, नंबर, गाव, भरती आणि फौज सोडल्याची तारीख एवढं मिळालं तरी जिनिव्हाच्या अर्जाचा अर्धा भाग भरतो. साध्या पत्राला उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो; सोबत नातं दाखवणारे कागद आणि मृत्यूचा दाखला जोडला की ‘तिसऱ्या व्यक्तीची माहिती’ हा आक्षेप बराच बोथट होतो. पेन्शन घेणाऱ्यांच्या घरी पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, असतो. त्यावर नंबर छापलेलाच असतो, तेव्हा आधी तो शोधा.

आता सेवेचं गुणपत्रक, आणि ते दोन भागांत द्यावं लागतं.

इटली-जर्मनीच्या कैद्यांसाठी जिनिव्हा उत्तम. १९२९ च्या जिनिव्हा कराराला दोन्ही देश बांधलेले होते आणि कैद्यांच्या याद्या पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. त्यामुळं एका माणसाच्या नावावर तीन-चार नोंदी निघू शकतात: पकडल्याची, छावणीची, इस्पितळाची, बदलीची.

जपान्यांच्या कैद्यांसाठी हीच सेवा लंगडी पडते. जपाननं त्या करारावर सही केली होती, पण त्याला मंजुरी दिली नव्हती, आणि याद्या तुटपुंज्या पाठवल्या. त्यात हिंदी शिपायांचा प्रश्न आणखी गुंतलेला: १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, दोन दिवसांनी फॅरर पार्कवर हिंदी सैनिकांना वेगळं काढलं गेलं, काही आझाद हिंद सेनेत गेले, न गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर मजुरीला धाडलं. अशा घरांनी जिनिव्हाच्या आधी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ उघडावं. आझाद हिंद सेनेच्या फायली तिथं आहेत. युद्धानंतर परतलेल्यांची चौकशी होऊन ‘व्हाइट’, ‘ग्रे’, ‘ब्लॅक’ असे शेरे मारले गेले, ते वाचताना दचकू नका. तो इंग्रज सरकारचा निष्ठेबद्दलचा शेरा होता, आजोबांच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. आजोबांना स्वातंत्र्यसैनिक पेन्शन मिळालेली असेल तर त्या अर्जाची फाइल सोन्यासारखी. कैदेचा पुरावा तिला जोडावाच लागत असे.

कैदेत वारले असतील तर कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाचा शोध आधी करा. तो फुकट आणि लगेचचा आहे. हिंदू सैनिकांचं दहन झालेलं असल्यानं कबर नव्हे, स्मारकावरचं नाव शोधायचं. सिंगापूरला ते क्रांजीला आहे, आफ्रिकेतल्या अनेकांचं अलामेनला. नोंदीखाली बऱ्याचदा ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा’ असं असतं, आणि माणूस पटतो तो तिथंच.

जिनिव्हाहून येतं ते पत्र असतं, नोंदींचा उतारा. ते वाचताना तीन चुका नेहमी होतात. पहिली तारखेची: ‘अमुक तारखेची यादी’ म्हणजे ती यादी तयार झाली तो दिवस. माणूस पकडला गेला तो त्याच्या कितीतरी आधी. जूनमध्ये टोब्रुकला सापडलेला शिपाई यादीवर शरद ऋतूत उगवला तरी नवल नाही. दुसरी छावणीच्या आकड्याची: ‘पी.जी.’ म्हणजे इटलीतली युद्धकैद्यांची छावणी आणि पुढचा आकडा तिचा क्रमांक. ६३ म्हणजे नेपल्सजवळचं आवेर्सा, ९१ म्हणजे आवेत्सानो. हिंदी कैदी मोठ्या संख्येनं या दोन ठिकाणी होते. त्याशेजारचं ‘पी.एम.’ हा फौजी टपालाचा क्रमांक आहे. तो छावणीचा समजून नकाशात शोधत बसणारे कमी नाहीत. तिसरी नोंदीत पडलेल्या खंडाची: ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शस्त्रं टाकली, तेव्हा कैदी पांगले, डोंगरात लपले किंवा जर्मनांनी उत्तरेला नेले. त्या शरद आणि हिवाळ्यात नोंद नसणं अगदी स्वाभाविक. पुढं जर्मन नंबर दिसला तर तोच माणूस नव्या छावणीत आहे. फ्रान्समधलं एपिनाल लिहिलेलं असेल तर ११ मे १९४४ लक्षात ठेवा: त्या दिवशी दोस्तांच्या बाँबहल्ल्यात छावणीच्या भिंती फुटल्या, हिंदी कैदी निसटले आणि सुमारे पाचशे जण चालत स्वित्झर्लंडला पोचले. त्यानंतर एपिनालची नोंद थांबून स्वित्झर्लंडची सुरू होते.

पहिल्या महायुद्धातल्या पणजोबांची गोष्ट वेगळी. ती कार्डं याच समितीच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहेत. नाव टाकलं की नेमकं कार्ड येत नाही, आसपासच्या अक्षरांपाशी नेऊन सोडतात; तिथून एकेक पान उलटायचं. कार्डावरचा अक्षर-आकडा दुसऱ्या चौकटीत टाकला की मूळ यादीचं पान उघडतं. एप्रिल १९१६ ला इराकमधल्या कूत-अल-अमारात सापडलेल्या १०३, ११० आणि ११७ व्या मराठा पलटणींच्या घरांनी याच वाटेनं जावं.

जिनिव्हाच्या पत्रातून पलटण आणि तारीख पक्की झाली की शेवटची पायरी लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातली युद्धदैनंदिनी. मध्यपूर्वेतल्या तुकड्यांची ती ‘डब्ल्यूओ १६९’ या मालिकेत आहे. तिच्यात शिपायांची नावं क्वचितच असतात. रोजची जागा, हालचाल, पाण्याचा तुटवडा असलं असतं. आणि ज्या महिन्यात पलटण शरण गेली त्या महिन्याची वही बऱ्याचदा नसते, कारण शरण जाण्याआधी कागद जाळले जातात. तेव्हा टोब्रुकच्या काळ्या पाचवीची मागवताना फक्त जून १९४२ मागू नका. मे महिना आणि ती ज्या ब्रिगेडमध्ये होती त्या ११व्या हिंदी ब्रिगेडची वहीही सोबत मागा.