हाताने रंगवलेली लोकर आणि माझी चंद्रकोर शाल

तुळशीबागेजवळच्या एका छोट्या दुकानातून हाताने रंगवलेल्या मेरिनोच्या (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) दोन लड्या घेतल्या, 100 ग्रॅमची एक, साधारण 400 मीटर. रंग काय सांगू, कोवळ्या आंब्याच्या पानाचा तांबूस, मधेच हिरवा, एक वीतभर धागा सुद्धा सारखा नाही! फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात पहाटे टेकडीवर जायला अशी पातळ शाल लागतेच, म्हणून 4 मिमीच्या सर्क्युलर सुईवर (लवचीक तारेने जोडलेल्या दोन सुया) चंद्रकोर घातली, दोन्ही कडांना प्रत्येक ओळीत टाके वाढवत गेलं की आपोआप बाक येतो. वीण मुद्दाम सोपी ठेवली, एक सुलट एक उलट आणि पुढच्या ओळीत बरोब्बर त्याच्या उलटं, दाणेदार होते आणि रंग त्यात छान मुरतात, नक्षीची जाळी घातली असती तर सगळी हरवली असती.

एकच तक्रार, दोन लड्यांच्या शेडमध्ये बराच फरक निघाला आणि दुकानात कुणी सांगितलं नाही, मग उसवून दर दोन ओळींनी लडी बदलत विणलं तेव्हा कुठे जमलं. पहिल्या धुण्यात पाणी थोडं गुलाबी झालं, शाल वेगळीच धुवा. ओली असतानाच ताणून टाचण्या लावून वाळवली आणि टाके असे काही उघडले ना! परत घेणार, पण लड्या उजेडात शेजारी शेजारी धरून.