एमआरपीवर जीएसटी लावला, तरी मी पैसे पाठवले

एप्रिल 2021 चा शेवटचा आठवडा. थोरला भाऊ कोविडने पुण्यात ऑक्सिजनवर. इंजेक्शनं थेट हॉस्पिटलला पुरवायचा आदेश निघालेला होता, तरी हॉस्पिटलने चिठ्ठी माझ्याच हातात ठेवली: रेमडेसिवीर, म्हणजे तेव्हा कोविडवर देत ते इंजेक्शन, सहा व्हायल (बाटल्या), आज रात्रीपर्यंत.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवरून एक नंबर मिळाला. औषधांच्या घाऊक एजन्सीचा म्हणवणाऱ्या त्या माणसाने आधी आधार, आरटीपीसीआरचा रिपोर्ट आणि चिठ्ठीचा फोटो मागितला. भामटा कागद कशाला मागेल, असं वाटलं. बाकीचे एका व्हायलचे 25,000 सांगत होते, हा छापील किंमत म्हणाला, 5,400. मी स्वस्ताच्या मोहाने गेलो नाही आणि मला काळाबाजारही करायचा नव्हता. हे लिहितोय, कारण घरात मला हावरट ठरवलं गेलं.

बिल आलं. सहा व्हायल 32,400, त्यावर 12 टक्के जीएसटी 3,888, एकूण 36,288. मी वीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानाचे हिशोब लिहितो. एमआरपीत कर धरलेलाच असतो, वर पुन्हा लावता येत नाही, हे गिऱ्हाइकांना मीच सांगतो. तो आकडा मी दोनदा वाचला आणि फक्त बेरीज तपासली! यूपीआयवर एजन्सीऐवजी कुणा बाईचं नाव उमटलं, तेव्हाही ‘मालकीणबाईंचं खातं आहे’ एवढ्यावर गप्प बसलो. 17 एप्रिललाच किमती उतरवून सगळ्यात महाग ब्रँड 3,490 वर आणला होता, हे नंतर कळलं.

मग डिलिव्हरीचं डिपॉझिट 8,500, ‘माल हातात पडला की परत’. तेही दिलं. एकूण 44,788. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा नाही म्हटलं, आणि नंबर बंद.

चौकीत म्हणाले, सायबरला जा. सायबरला म्हणाले, अर्ज टाकून जा, असे ढिगाने आलेत. बँक म्हणाली, तुम्ही स्वतः पिन टाकलात. अन्न व औषध प्रशासनात तर विचारलं, ‘इंजेक्शन कुठंय? नमुना नाही तर आम्ही काय तपासणार?’ म्हणजे बनावट औषध भावाच्या नसेत गेलं असतं, तरच माझी तक्रार खरी! वरून एकाने ऐकवलं, ‘शिकलेले दिसता, मग असं कसं केलंत?’ चार दारं, चार दिवस, आणि आयसीयूबाहेर बायको एकटी.

घाऊक परवान्याचा विक्रेता पेशंटच्या नातेवाइकाला परस्पर माल विकत नाही, आजही अल्ब्युमिन किंवा कॅन्सरचं इंजेक्शन शोधताना हे विसरू नका. बॅच नंबर असलेलं बिल आणि व्हायल समोर आल्याशिवाय रुपया सोडू नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा. मी लाजेपायी रात्र घालवली. आणि इंजेक्शन दिल्यावर रिकामी व्हायल आपल्यासमोर फोडायला लावा. त्याच महिन्यात बारामतीत रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉल भरून विकणारे पकडले गेले.

भाऊ वाचला, स्टेरॉइड आणि ऑक्सिजनवर. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच रेमडेसिवीरची शिफारस नाकारली होती, हे त्या चिठ्ठीच्या वेळी मला कुणी सांगितलं नाही.