मेटेओरा : गाडीने तीन मठ की पायी एक?

ग्रीसमधल्या मेटेओराचे सहा मठ उंच सुळक्यांवर आहेत. त्यांच्या पायथ्याच्या कालांबाकात किंवा कास्त्राकीत निदान दोन रात्री मुक्काम ठरला, की पुढचा प्रश्न एकच उरतो. वरच्या मठांकडे अर्ध्या दिवसाच्या मिनीबसने जायचं, की वाटाड्याबरोबरच्या 'सोप्या हाईक'ला नाव नोंदवायचं? अथेन्सहून एका दिवसात जाऊन येणाऱ्यांपुढे ही निवडच नसते. त्यांचे आठ-नऊ तास रस्त्यातच जातात, तेव्हा त्यांनी निमूट गाडीत बसावं. हे लिखाण बाकीच्यांसाठी.

दोन्ही प्रकारांना साधारण चार तास लागतात. पैशातही घर बुडेल एवढा फरक नसतो. प्रत्येक मठाचं तिकीट वेगळं, ते दारातच काढायचं, आणि सुटे युरो जवळ असलेले बरे. मिनीबस सहाही मठांच्या बाजूने फिरवते, दोन किंवा तीन मठ आतून दाखवते आणि फोटोच्या कड्यांवर थांबते. हाईकमध्ये दोन-अडीच तास चाल आणि बहुधा एकच मठ आतून. कागदावर तीनास एक असा हा हिशेब आहे, आणि बरेच जण तिथेच निर्णय घेऊन मोकळे होतात. माझं म्हणणं एवढंच की हा हिशेब मठांच्या संख्येत करू नये, मिनिटांत करावा.

वर्लाम मठ घ्या. गाडी थांबते तिथून दारापर्यंत दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गाडीतला सगळा घोळका, त्यातल्या आजी-आजोबांसकट, वर पोचायला दहा मिनिटं धरा. तिकिटाची रांग आणि बायकांनी दारात मिळणारा स्कर्ट गुंडाळणं यात पाच. उतरायला सात. चाळीस मिनिटांच्या थांब्यातली उरली अठरा. आता मुख्य देवळात शिरा. खिडक्या लहान आहेत, बाहेरच्या उन्हातून आत आलं की पहिली तीन-चार मिनिटं नुसता अंधार दिसतो. डोळे सरावतात तेव्हा कुठे फ्रांगोस कातेलानोसने १५४८ मध्ये रंगवलेल्या भिंती हळूहळू वर येऊ लागतात, आणि नेमकं तेव्हाच चालक घड्याळाकडे बोट दाखवतो. शिवाय मठाचं जुनं लाकडी पिंप, दोर ओढायचा रहाट आणि सज्जातून दिसणारी दरी हे सगळं त्याच अठरा मिनिटांत बसवायचं. मग गाडीत बसा, मागे राहिलेल्या दोघांची वाट बघा आणि पुढच्या मठात हेच सगळं पुन्हा. डोळे सरावण्याची मिनिटं वजा केली तर तीन मठ मिळून आतला खरा वेळ पाऊण तासाच्या वर क्वचितच जातो. हाईकमध्ये एकाच मठात सलग तासभर मिळतो, कधी थोडा जास्तही. माझा काटा झुकला तो या एका गोष्टीवर. बाकीचे मुद्दे त्यामागून आले.

अर्थात मिनीबसचे चालक किंवा मार्गदर्शक वाईट असतात असं अजिबात नाही. वेळापत्रकच तसं आहे. मठ सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान उघडतात, सगळ्यात मोठा मठ 'महा मेटेओरो' दुपारी तीनच्या सुमारास दार लावतो, स्तेफानोसचा मठ भर दुपारी दोनेक तास बंद असतो, आणि मोठ्या बसगाड्या दहा ते एकच्या मध्येच येऊन धडकतात. एवढ्याशा फटीत तीन मठ बसवायचे म्हटलं की कात्री आतल्या वेळालाच लागते. संध्याकाळच्या 'सनसेट टूर'चाही यात घोटाळा होतो. त्या वेळी दारं बहुतेक बंद झालेली असतात, म्हणून ती फेरी फोटोंसाठीच समजावी.

आता चालण्याकडे. 'सोपी' हा शब्द इथे बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. बरेच आयोजक गाडीने वर नेऊन सोडतात आणि मागच्या रानातून कास्त्राकीकडे उतरवतात. काही जण खालून सुरुवात करून वर संपवतात. नाव नोंदवताना हे विचारून घ्या, कारण गुडघ्यांना चढ सोसतो, उतार सोसत नाही. पाचनईवरून हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला इथे दम लागणार नाही. पण सह्याद्रीतल्या पायांना एक नवी सवय लावावी लागते. आपला कातळ बेसॉल्टचा, त्यावर बूट धरतात. आपल्या घसाऱ्यातले दगड कोनाकोनांचे, ते एकमेकांत अडकतात. इथले सुळके म्हणजे जुन्या नदीने आणून टाकलेले गोल गोटे आणि वाळू यांचा दाबून घट्ट झालेला थर. झिजताना त्यातून सुटतात तेही गोटेच, आणि पायवाटेवर ओकच्या वाळल्या पानांखाली ते छर्ऱ्यासारखे पसरून बसतात. टाच आधी टेकवली की पाय सरकलाच. उतरताना पावलं आखूड, पूर्ण तळवा टेकून, जरा आडवं होऊन टाकावीत. तळ झिजलेले रनिंग शूज नकोत, खाचा शाबूत असलेले साधे ट्रेकिंगचे बूट पुरे. एक काठी असली तर उत्तम, दोन्हींची गरज नाही. पाऊस पडून गेला असेल तर रानातल्या मातीपेक्षा जुन्या फरसबंद वाटा, म्हणजे 'काल्देरिमी', जास्त दगा देतात. त्यांचे दगड शेकडो वर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेत.

एकट्यानेही चालता येतंच, मग वाटाड्याचे पैसे कशाला? शंका रास्त आहे. कालांबाकाच्या जुन्या वस्तीमागून, बायझंटाईन काळातल्या देवळाच्या बाजूने आगिया त्रियादा मठाकडे जाणारी फरसबंद वाट कुणालाही सापडते. पाऊण ते एक तासाचा चढ, फुकट. पण महा मेटेओरोच्या मागच्या रानातल्या वाटांना फाटे फार आहेत. फोनवरचा नकाशा वाट दाखवतो, वरच्या भोकांचा अर्थ सांगत नाही. दूपियानी, पिक्सारी या सुळक्यांच्या कपाऱ्यांतून लाकडी फळ्या, लोंबणाऱ्या शिड्यांचे तुकडे आणि अर्धवट भिंती दिसतात. माहीत नसेल तर त्याला आपण कबुतरखाना समजून पुढे निघून जाऊ. त्या तपस्व्यांच्या खोल्या. मोठे मठ उभे राहण्याआधी हे लोक एकेकटे कपारीत राहायचे आणि सामूहिक प्रार्थनेपुरते दूपियानीच्या छोट्या देवळात जमायचे. चौदाव्या शतकात अथानासिओसने 'रुंद खडका'वर शिष्यांसह मठ उभारला आणि एकेकट्यांचं एकत्र राहणं सुरू झालं. तोच पुढे महा मेटेओरो. कान्हेरी पाहिलेल्याला एकट्या भिक्खूची खोली आणि मोठं सभागृह यातलं अंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खालून वर जाणारी हाईक मिळाली तर हा इतिहास त्याच क्रमाने पायाखालून जातो. गाडी थेट शेवटच्या पानावर उतरवते.

वाटेत लागणारा इपापांती हा मठ एका मोठ्या कपारीत अक्षरशः खोचलेला आहे, चौदाव्या शतकातला. डांबरी रस्त्याची नेहमीची फेरी तिकडे जात नाही. दार सहसा बंद असतं, पण समोरच्या वाटेवरून बघण्यातच त्याची मजा आहे. रानात चिनाराची झाडं आहेत, वसंतात कासवं वाट ओलांडताना दिसतात. मार्च-एप्रिलनंतर सुळक्यांभोवती पांढरं गिधाड घिरट्या घालताना दिसू शकतं. महाराष्ट्रातही दिसतं तेच. चांगला वाटाड्या दुर्बीण बाळगतो. न बाळगणाऱ्यांकडून तेवढी अपेक्षा नको. माणसांना वर ओढून घ्यायचा दोर कधी बदलता असं विचारल्यावर साधू म्हणाला, 'देव तोडतो तेव्हा', हा किस्सा मात्र गाडीत आणि पायवाटेवर सारख्याच उत्साहाने ऐकवला जातो.

हाईकचीही एक कुरकुर आहे. आतून कोणता मठ पाहायचा, हे तुमच्या हातात नसतं. ते वारावर ठरतं. ढोबळमानाने सोमवारी स्तेफानोस बंद, मंगळवारी महा मेटेओरो, बुधवारी रूसानू, गुरुवारी आगिया त्रियादा, शुक्रवारी वर्लाम. हिवाळ्यात सुट्ट्या वाढतात आणि सणांना वेळा बदलतात, म्हणून आदल्या संध्याकाळी हॉटेलात एकदा विचारावंच. महा मेटेओरोची धूराने काळी पडलेली मुदपाकखान्याची भिंत आणि दारातल्या फटीतून दिसणाऱ्या, फळ्यांवर ओळीने मांडलेल्या साधूंच्या कवट्या बघायच्या असतील, तर हाईक मंगळवारी ठेवू नका. तिथे तीनशेच्या वर पायऱ्या आहेत आणि त्या आधी उतरून मग चढाव्या लागतात. हे ऐकून पुष्कळांची कवट्यांची हौस तिथल्या तिथे फिटते.

कपड्यांचा नियम दोन्हीकडे सारखा, पण हाईकवाल्यांना जास्त जाचतो. पुरुषांना पूर्ण पँट, बायकांना गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट, खांदे झाकलेले. बायकांची पँट चालत नाही, लेगिंगवरचा कुर्ता चालेल असंही गृहीत धरू नका. दारात गुंडाळायचं कापड मिळतं, पण गर्दीत ते दिवसभर शंभरजणींनी वापरलेलं असतं. एक सुती लुंगी किंवा रुंद ओढणी पाठपिशवीत टाकली की प्रश्न मिटला. साडी मठात उत्तम, पायवाटेवर अजिबात नको. पुरुषांनी गुडघ्याला चेन लावून पाय जोडता येणारी पँट घ्यावी. देवळांच्या आत फोटो काढता येत नाहीत, तेव्हा जड कॅमेरा हॉटेलात राहिला तरी चालेल. पाणी माणशी दीड लिटर, जुलै-ऑगस्टमध्ये दोन; त्या महिन्यांत सकाळच्या पहिल्या गटाखेरीज दुसरा गट घेऊच नये.

शाकाहाऱ्यांसाठी एक शब्द पाठ करण्यासारखा आहे : 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाचं. बेकरीत तो उच्चारला की दूध, अंडं, मांस नसलेली पालकाची पाई मिळते. मात्र ग्रीक उपासाला माकुळ आणि शिंपल्या चालतात. खानावळीत तेवढं वेगळं सांगावं लागतं.

मिनीबस कुणी घ्यावी? गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील तर डोळे मिटून घ्यावी, पण मार्ग आधी ठरवून. स्तेफानोसला पायऱ्या जवळजवळ नाहीत, छोटा पूल ओलांडला की थेट दार. रूसानूला वरच्या रस्त्याकडून गेलं तर खालच्यापेक्षा बरंच सोपं पडतं. हे दोनच मठ आतून आणि बाकीचे चार बाहेरून असं ठरवणारा आयोजक मिळाला, तर मघाचा माझा मिनिटांचा हिशेबही बराचसा गळून पडतो. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र उलटं. चार वेळा गाडीत चढ-उतर करायला लावण्यापेक्षा रान बरं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ही चाल जड जाऊ नये.

दोन रात्री असतील तर माझ्या मते पहिल्या सकाळी हाईक करावी. दुसऱ्या सकाळी कास्त्राकीतून पायी निघून, दार उघडायच्या सुमाराला निकोलाओस आनापाव्सास गाठावा. गावापासून जेमतेम एक किलोमीटर, वर चढायला शंभरावर पायऱ्या. सहांतला हा सगळ्यात चिंचोळा मठ. त्यामुळे दहा माणसं आत गेली की देऊळ भरतं आणि मिनीबसच्या मार्गात तो बहुधा बाहेरूनच उरकतात. आतली चित्रं क्रीटच्या थेओफानिसची आहेत, १५२७ ची. प्राण्यांना नावं ठेवणारा आदम शोधायला विसरू नका, आणि एखाद्या गटाची चाहूल लागली तर दहा मिनिटं गच्चीवर जाऊन थांबा. गट तेवढ्यात निघून गेलेला असतो.