आधी ई-बुक काढू की मागणीनुसार छापून घेऊ?

गेल्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत सहा दोनशेपानी वह्या. तीस-पस्तीस वर्षं शाळेतल्या मुलांना घेऊन गडकिल्ले हिंडले, त्याच्या आठवणी. दोन प्रकाशकांनी "चांगलं आहे, पण सध्या जमणार नाही" असं कळवलेलं. मग कुणी सांगितलं, "सर, आता मोबाइलवर पुस्तक निघतं, तेही फुकट." दुसऱ्या कुणी सांगितलं, "हवी तेवढीच प्रत छापून मिळते, घरात गठ्ठे पडत नाहीत." सरांचा प्रश्न एकच होता, यातलं कुठलं धरू?

मी डीटीपीवाला. महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. मी उलट विचारतो, "तुमचं पुस्तक पहिल्यांदा कुणाच्या हातात पडणार आहे?" सर म्हणाले, "माझे माजी विद्यार्थी, तालुक्याचं वाचनालय, आणि न्यू जर्सीला मुलगा." तीन नावांत निम्मं उत्तर आलं होतं.

आधी दोन गैरसमज काढून टाकू. पीडीएफ म्हणजे ई-बुक नव्हे. पीडीएफ हा छापील पानाचा फोटोच समजा, मोबाइलवर बोटांनी मोठा करून डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावा लागतो. खरं ई-बुक ईपब नावाच्या साच्यात असतं. त्यात पान नसतंच, असतो तो वाहता मजकूर. वाचणाऱ्यानं अक्षर मोठं केलं की ओळी नव्यानं रचल्या जातात. पासष्टीच्या वाचकाला चष्मा न शोधता वाचता येतं ते यामुळेच.

दुसरा गैरसमज असा की मागणीनुसार छपाई म्हणजे झेरॉक्स काढून बांधलेली प्रत. तसं नाही. ऑफसेटला, म्हणजे नेहमीच्या मोठ्या छपाईला, प्लेटा कराव्या लागतात, सोळा पानांचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं) लावावा लागतो, आणि मशीन एकदा लावलं की पाचशे-हजार प्रती काढल्याशिवाय दर उतरत नाही. डिजिटल मशीनला प्लेट नाही, त्यामुळे पहिली प्रत आणि शंभरावी प्रत जवळपास एकाच खर्चात पडते. अमेरिकेत इन्ग्रॅम या वितरक कंपनीनं १९९७ मध्ये यावर वेगळा व्यवसाय उभा केला. आपल्याकडे बंगळुरूची पोथी डॉट कॉम २००८ पासून आणि चेन्नईची नोशन प्रेस २०१२ पासून हेच करते. फाइल चढवायची, कागद, आकार आणि किंमत ठरवायची. गिऱ्हाइकानं ऑर्डर दिली की प्रत छापून त्याच्या पत्त्यावर जाते. परफेक्ट बाइंडिंग, लॅमिनेशन केलेलं मुखपृष्ठ, हवा तर नॅचरल शेडचा कागद. दुकानातल्या पुस्तकाशेजारी ठेवलं तर सामान्य वाचकाला फरक कळत नाही. बांधणीवाल्याला कळतो.

आता पैसे. ई-बुकला छपाईचा खर्च शून्य, हे खरं. पण टायपिंग, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच आहे, आणि नवखा माणूस नेमका तोच हिशेबात धरत नाही. छपाईचं उदाहरण घ्या. समजा १६० पानांचं, डेमी आकाराचं, काळ्या शाईतलं पुस्तक आहे आणि एका प्रतीची छपाई ११० रुपयांना पडते. किंमत २५० ठेवली तर वाटतं, १४० सुटले. छापणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवर विकलं तर त्यातला बरा वाटा तुम्हाला मिळतो. तेच पुस्तक मोठ्या ऑनलाइन दुकानातून गेलं की कमिशन वजा होऊन हातात तीस-चाळीस रुपये आले तरी नशीब समजायचं. म्हणून मागणीनुसार छापलेली पुस्तकं जाडीच्या मानानं महाग दिसतात. लेखक हावरट नसतो, एकेका प्रतीचा खर्चच तसा असतो. तीनशे-चारशे प्रती नक्की खपणार याची खात्री असेल, म्हणजे संस्थेचा सुवर्णमहोत्सव आहे आणि अध्यक्षांनी शब्द दिलाय, तर या भानगडीत पडूच नका. सरळ ऑफसेटवाल्याकडे जा.

ई-बुकचं गणित दिसायला गोड आहे. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून घेतात. लेखकाला ७० टक्के किंवा ३५ टक्के. शंभराच्या पुस्तकामागे सत्तर, छापलेल्या प्रतीपेक्षा जास्तच! पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्ट नावाच्या योजनेत जावं लागतं. तिची अट अशी की नव्वद दिवसांच्या मुदतीत ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही. बुकगंगासारख्या ऑनलाइन दुकानात नाही, स्वतःच्या साइटवरही नाही. मुदत आपोआप पुढे वाढते, आणि त्या आपोआप वाढीची खूण काढायला लोक विसरतात. छापील आवृत्तीला ही अट लागू नाही. शिवाय ७० टक्क्यांत फाइलच्या वजनानुसार पोचवण्याचा खर्च कापला जातो. नुसत्या मजकुराच्या पुस्तकाला तो किरकोळ, पण फोटोंनी भरलेल्या पुस्तकाला चांगलाच बसतो. महिन्याचे पैसे तो महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी खात्यात येतात.

जीएसटीची एक गंमत आहे. छापील पुस्तकावर कर नाही. ई-बुकवर आहे. २०१८ पासून छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकला ५ टक्के आणि फक्त ई-बुक असेल तर १८ टक्के. कागदावर एकदा उतरलं की तेच शब्द स्वस्त होतात.

खरी मेख मात्र फॉन्टमध्ये आहे. इथे जरा थांबतो, कारण याबद्दल कुणी आधी सांगत नाही.

माझ्या आत्यानं २००५ च्या सुमारास पाककृतींचं पुस्तक लिहिलं होतं, पंगतीच्या स्वयंपाकाचं. मीच ते श्रीलिपी फॉन्टमध्ये, पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर लावलं होतं. तेव्हा तीनशे प्रती निघाल्या आणि नात्यागोत्यात संपल्या. पुढे तिच्या अमेरिकेतल्या भाचीनं आग्रह धरला, ई-बुक करा. म्हटलं, फाइल आहेच, तासाभराचं काम. श्रीलिपी, आकृती वगैरे जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. ई-बुकला लागतो युनिकोड, म्हणजे ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असतो. कन्व्हर्टरमधून मजकूर काढला, वरवर चाळला, चढवला. चार दिवसांनी भाचीचा फोन आला, "आत्या, आदल्या रात्री आचार्यांनी डाळ भिजत घालावी असं लिहिलंय, हे कुठले आचार्य?"

मूळ शब्द होता आचाऱ्यांनी. ऱ्याची ती छोटी आडवी रेघ कन्व्हर्टरनं गिळली आणि तिचा रफार केला. पुस्तकभर हीच तऱ्हा. बऱ्याच ठिकाणी 'बर्‍याच'सुद्धा उरलं नव्हतं, नुसता उच्चार बिघडवणारा रफार होता. कोऱ्या फडक्याची तीच गत, साऱ्या पाहुण्यांचीही तीच. फाइंड-रिप्लेस करावं तर 'सूर्य', 'कार्य', 'आचार्य' या खऱ्या रफारांचंही वाटोळं होतं. शेवटी दोनशे पानं पुन्हा ओळीनं ओळ वाचली. तीन आठवडे गेले.

हेच पुस्तक मागणीनुसार छापायला दिलं असतं तर? काहीच झालं नसतं. छपाईला पीडीएफ जाते आणि पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असतो, मग तो श्रीलिपी असो की आणखी कुठला. म्हणजे ज्याच्याकडे जुनी लावलेली पुस्तकं पडून आहेत त्याला छपाईचा रस्ता दोन दिवसांचा आणि ई-बुकचा दोन महिन्यांचा. ज्याचं लेखन आजच मोबाइलवर किंवा वर्डमध्ये युनिकोडात होतंय त्याला दोन्ही रस्ते मोकळे आहेत. नव्यानं टाइप करून घेत असाल तर टायपिस्टला पहिल्याच दिवशी बजावा, युनिकोडच हवं. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा किंवा गूगल फॉन्ट्सवरचा मुक्ता, दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्ही पुस्तकाला शोभतात. ई-बुकच्या फाइलमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवायला विसरू नका. नाहीतर काही ठिकाणी ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. बऱ्याच वाचकांच्या ते लक्षातही येत नाही, मला मात्र घास अडकल्यासारखं होतं.

पुस्तकाच्या जातीवरही बरंच ठरतं. कवितासंग्रह आधी ई-बुक म्हणून काढू नका. अक्षर मोठं केलं की कवीनं जिथे ओळ तोडली तिथे ती तुटत नाही, मोबाइल म्हणेल तिथे तुटते. भय, गूढ किंवा प्रेमकथांची मालिका लिहिणाऱ्यानं मात्र ई-बुकच धरावं. एक भाग संपला की रात्री बारा वाजताही पुढचा विकत घेता येतो. रंगीत फोटोंच्या पुस्तकाला छपाई महाग, कारण पानागणिक रंगाचा दर लागतो, आणि ई-बुकमध्ये रंग फुकट. आत्याच्या पुस्तकाला ई-बुकनं हाच फायदा दिला, पुरणाच्या पोळीचा फोटो पहिल्यांदाच पिवळा दिसला. पण स्वयंपाकघरात पिठाच्या हातानं मोबाइल उघडायचा म्हणजे दर दोन मिनिटांनी पडदा काळा होतो, ही तक्रारही तिच्याच वहिनीची.

कागदाचे काही मान अजून कागदालाच आहेत. वाचनालयाच्या कपाटात ई-बुक जात नाही. प्रकाशन समारंभात पाहुण्यांच्या हस्ते रिबीन सोडवायला काहीतरी लागतं. पुरस्कारांसाठी, परीक्षणासाठी प्रती पाठवाव्या लागतात. १९५४ च्या कायद्यानुसार छापील पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकानं पाठवायची असते, आणि स्वतःच पुस्तक काढलंत तर प्रकाशक तुम्हीच. या प्रती छपाईच्या बजेटात धरा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर ते एजन्सीचे नाहीत, मधल्या माणसाचे आहेत. छापील आणि ई-बुक यांना क्रमांक वेगवेगळे लागतात.

मधल्या माणसाचा विषय निघालाच आहे. मागणीनुसार छपाईच्या नावाखाली 'पॅकेज' विकणारे पुष्कळ झालेत. माझ्या ओळखीच्या एका कवयित्रीकडून अशाच एकांनी चाळीस हजार घेतले, पन्नास प्रती दिल्या आणि 'जागतिक वितरण' म्हणून एका ऑनलाइन दुकानातलं पान दाखवलं. ते पान तयार करायला अर्धा तास लागतो. पैसे द्यायचे तर संपादनाला द्या, मुद्रितशोधनाला द्या, चांगल्या मुखपृष्ठाला द्या. वितरणाला आगाऊ पैसे देऊ नका. आणि फाइलचा ताबा कुणाकडे राहणार, ते करारात वाचल्याशिवाय सही नको. खुली, म्हणजे बदल करता येणारी फाइल तुमच्याकडे नसेल तर दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागतं.

परदेशातल्या मराठी वाचकापुरतं ई-बुक बिनविरोध जिंकतं. कुरिअरचा खर्च पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. देशात पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा २०२५ पासून आहे, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून. दीडशे पानांचं पुस्तक त्यात बसतं, पण पाठवायच्या आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघा. बाइंडिंग पक्कं असलं की वजन वाढतं.

सरांना मी सांगितलं, वह्या युनिकोडात टाइप करून घ्या, ते दोन्हीला लागतं. मग मागणीनुसार पंचवीस प्रती. ई-बुक दोन-तीन महिन्यांनी. ते म्हणाले, "पंचवीसच? माझे विद्यार्थीच दोनशे असतील." असतील. पण पहिल्या पंचवीस वाचणाऱ्यांतले निम्मे विद्यार्थी चुका काढून पाठवणार, रायगडावर आपण गेलो ते साल हे नव्हतं, तो पाय मोडलेला मुलगा मी नव्हेच, वगैरे. ऑफसेटवर हजार छापल्या असत्या तर शुद्धिपत्र चिकटवत बसावं लागलं असतं. इथे फाइल बदलायची की सव्विसावी प्रत दुरुस्त होऊन येते. त्या दुरुस्त्या झाल्यावर तीच फाइल ई-बुकला जाईल, म्हणजे न्यू जर्सीतल्या मुलाला वडिलांपेक्षा शुद्ध प्रत मिळेल.

पानं शंभरच्या आत आली तर कण्यावर नाव नीट बसत नाही, तेवढं सरांना सांगायचं राहिलं. सहा वह्या आहेत म्हटल्यावर तशी भीती नाही.