गुहा बघायला गेलो आणि फाट्यावरच ३,८०० रुपयांना गंडलो

पसरणी घाट चढून वर गेलं की आतल्या अंगाला एक डोंगरगाव आहे, तिथली गुहा बघायला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावकऱ्यांचा यात काही दोष नाही. गुहेच्या फाट्यावर टेबल टाकून बसलेल्या माणसाने आम्हाला लुटलं. खाकी शर्ट, पावतीपुस्तक, मागे लॅमिनेट केलेला बोर्ड. माणशी १५० प्रमाणे सहा जणांचे ९००, गाडीचे १००, गाईडचे ८०० आणि चार बॅटऱ्यांचं डिपॉझिट प्रत्येकी ५०० म्हणजे २,०००. ‘गाईड वर उभा आहे, येताना बॅटऱ्या द्या, डिपॉझिट घेऊन जा.’

‘एवढंही कळलं नाही का?’ असं विचारणाऱ्यांना सांगतो, आम्ही साताऱ्याची माणसं. कासला तिकीट काढतो, वासोट्याला जाताना बामणोलीत वनखात्याची परवानगी घेतो. डोंगरात पावती फाडणं आम्हाला नवीन नाही आणि हे लोक नेमकं तेच हेरतात. त्यात गाडीत मुंबईहून आलेली ताई आणि दाजी. पाहुण्यांसमोर शे-दोनशे रुपयांवरून घासाघीस कोण करणार?

पण तो बोर्ड! अजून डोळ्यांपुढून जात नाही. छतातून लोंबणारे चुन्याचे खांब, त्यावर लाल-हिरवे दिवे. दाजी म्हणाले, ‘अरे, हा तर बोरा केव्हचा फोटो दिसतोय, आम्ही अरकूला गेलो होतो तेव्हा बघितली.’ तिथेच गाडी वळवायला हवी होती. आपला सह्याद्री काळ्या दगडाचा, लाव्हाच्या थरांचा. असले खांब चुनखडीच्या गुहेत होतात, आंध्रातल्या बोऱ्याला, बस्तरच्या कुटुमसरला. पाण्यात विरघळलेला चुना थेंबाथेंबाने साचून ते तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. हे शाळेत शिकलोय मी! पण मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि दाजींचं बोलणं पुरं होईपर्यंत माझा पिन टाकून झाला होता. स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. विचारलं, तर म्हणाला, ‘ठेकेदाराचंच दुकान आहे ते.’ पिन टाकायच्या आधी स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचा, गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

वर गाईड नव्हताच. गुरव म्हणाले, ‘अहो, इथं कसलं तिकीट? कुणाला दिले पैसे?’ चारातल्या दोन बॅटऱ्या आत शिरेपर्यंत विझल्या. खाली आलो तर टेबल नाही, बोर्ड नाही, माणूस नाही. पावती बघितली: नंबर नाही, शिक्का नाही, खात्याचं नाव नाही, नुसतं ‘प्रवेश शुल्क’. हातात पडल्या पडल्या वाचायची असते पावती.

आता पोलिसांचं ऐका. चौकीत पहिलं वाक्य, ‘ही आमची हद्द नाही.’ दुसऱ्या चौकीत, ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत.’ तिसरं तर कहरच, ‘पैसे तुम्हीच स्कॅन करून दिले ना? मग फसवणूक कसली?’ अहो, फसवणुकीत माणूस पैसे आपल्या हातानेच देतो, म्हणून तर तिला फसवणूक म्हणतात! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीसाठीचं कलम ३१८ आहे आणि गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी फिर्याद नोंदवून घ्यावी असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. हे मी त्यांना सांगायचं? अर्ज घेतला, पोच मागितली तर तोंड वाकडं केलं. पोच मिळाल्याशिवाय हलू नका, मी हललो नाही. बँकेचं उत्तर, ‘पिन तुम्ही टाकलाय, आमच्या हातात काही नाही.’ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर मात्र तक्रार लगेच नोंदवून घेतली. हा नंबर पहिल्या तासाभरातच लावा, पैसे पुढे सरकले की सापडत नाहीत.

रक्कम लहान म्हणून कुणी दखल घेत नाही आणि त्याच जोरावर ही माणसं रोज नवीन गाडी अडवतात. कुणाकडे तसली बिननंबरची गुलाबी पावती असेल तर फाडू नका. फोटो काढा, व्यवहाराचा नंबर त्यावर लिहून ठेवा आणि आपापल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. माझा दिलेला आहे, अजून दहा जणांचे आले तर त्यांना ‘हद्द’ म्हणून टोलवता येणार नाही.